पेंड पोटात, निकाल पायाखाली

पोलादपूर तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत सकाळी खुराड्याचं दार उघडलं की गावठी कोंबड्या आधी उकिरडा गाठतात. तिथे अळ्या असतात, गांडुळं असतात, शेणातले किडे असतात. कुणी वाळवी लागलेलं लाकूड फोडायला घेतलं तर त्या कुऱ्हाडीचीही भीड बाळगत नाहीत. भाताची कणी आणि नाचणी त्या आवडीने टिपतात, पण अंगावर मांस आणि पिसं धरायला लागणारं प्रथिन त्यांना बरंचसं या किड्यामकोड्यांतून मिळतं. कोंबडीचं कूळच मिश्राहारी. तिचा मुख्य पूर्वज म्हणजे पूर्वेकडच्या रानांतला लाल रानकोंबडा. सह्याद्रीच्या रानात आरवणाऱ्या करड्या रानकोंबड्याचाही तिच्यात वाटा आहे. कोंबडीच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग या करड्याकडून आला असल्याचं २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून पुढे आलं. दोघेही रानकोंबडे दाणे खातात, कोंब खातात आणि दिसेल तो किडा टिपतात.

त्याच तालुक्यात, गावाच्या कडेला पत्र्याची लांबट शेड असते आणि तिच्यात दोन-चार हजार पांढऱ्या ब्रॉयलर कोंबड्या असतात. त्यांना उकिरडा ठाऊक नसतो. एक दिवसाचं पिल्लू आल्यापासून गाडी भरून जाईपर्यंत त्यांच्यापुढे येतो तो मक्याचा भरडा आणि सोयाबीनची पेंड. पाच-सहा आठवड्यांत दोन किलोची होणारी कोंबडी तेवढ्या काळात साधारण सव्वातीन किलो खाद्य खाते. त्यातलं जवळपास किलोभर सोयापेंड असते. म्हणजे महाडच्या बाजारात आपण दोन किलोची कोंबडी घेतो तेव्हा तिच्यामागे लातूर-वाशीमकडच्या शेतातलं सव्वा किलोच्या आसपास सोयाबीन उभं असतं.

मिश्राहारी पक्ष्याला असं पूर्ण वनस्पतींवर वाढवलं तर त्याच्या तब्येतीचं काय होतं? या प्रश्नाला गावात दोन उत्तरं मिळतात. काही जण म्हणतात, सोया खाऊन कोंबडी नुसती फुगते, त्यात हार्मोन असतात. काही जणांना पोत्यावर किंवा अंड्याच्या खोक्यावर ‘शाकाहारी खाद्य’ असं दिसलं की समाधान वाटतं. ब्रॉयलर भराभर वाढते ती निवड करत करत घडवलेल्या जातीमुळे आणि नेमक्या खाद्यामुळे. त्यासाठी हार्मोनची सुई टोचावी लागत नाही आणि हजारो पक्ष्यांना रोज टोचणं परवडणारंही नाही. दुसरीकडे, खाद्य शाकाहारी आहे एवढ्यावरून ते चांगलं ठरत नाही. पेंड कशी शिजवली, ती कशी साठवली आणि पचून उरलेलं शेडच्या जमिनीवर काय पडलं, यावर सगळं ठरतं. शेवटची गोष्ट आपल्या भागात, सावित्रीच्या खोऱ्यातल्या पावसात, सगळ्यात महत्त्वाची.

आधी पोटाकडे बघू. कोंबडीला प्रथिन म्हणून प्रथिन लागत नाही. त्याचे तुकडे होऊन मिळणारी अमिनो आम्लं लागतात. मक्यात लायसीन आणि ट्रिप्टोफॅन कमी असतं. सोयापेंडीत लायसीन भरपूर, पण मेथिओनिन तोकडं. हे मेथिओनिन गंधकयुक्त असतं आणि पिसं बनवायला ते फार लागतं. म्हणून मका आणि सोया एकत्र केले तरी वरून थोडं कारखान्यात तयार झालेलं मेथिओनिन घालावं लागतं. ते कमी पडलं तर पिसं नीट येत नाहीत, पिल्लं एकमेकांची पिसं उपटतात, वाढ मागे पडते. भारतीय मानकानुसार ब्रॉयलरच्या प्री-स्टार्टर खाद्यात २३ टक्के, स्टार्टरमध्ये २२ टक्के आणि फिनिशरमध्ये २० टक्के प्रथिन असायला हवं. मात्र हे आकडे गाठूनही अमिनो आम्लांचा मेळ चुकला तर वरचं प्रथिन वायाच जातं. त्यातला नायट्रोजन युरिक आम्ल होऊन विष्ठेत उतरतो आणि पुढे शेडच्या हवेत त्रास देतो. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

सोयाच्या आधीचा काळ वेगळा होता. आपल्याकडे शेंगदाणा पेंड आणि सुक्या मासळीची भुकटी ही कोंबडीखाद्यातली जुनी जोडी. कोकणच्या किनाऱ्यावर माणसाच्या ताटात न जाणारी बारीक मासळी वाळवली जायची आणि तिचीच भुकटी खाद्यात पडायची. जगभर पोल्ट्रीवाल्यांचा अनुभव होता की थोडीतरी मासळी किंवा मांसाची भुकटी घातल्याशिवाय कोंबडी धड राहत नाही. निव्वळ वनस्पतींवर ठेवलेल्या कोंबड्यांची अंडी कमी उबायची, पिल्लं अशक्त निघायची. वनस्पतींत नसलेलं असं काहीतरी प्राणिज खाद्यात आहे, एवढंच कळत होतं. दुसऱ्या महायुद्धात मासळीची टंचाई झाली तेव्हा या अज्ञात घटकाचा शोध जास्तच निकडीचा झाला. गंमत म्हणजे तो घटक गाईच्या शेणातही सापडत होता आणि कोंबड्यांच्या पायाखालच्या गादीतही. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मर्क आणि इंग्लंडमधल्या ग्लॅक्सो कंपनीच्या संशोधकांनी यकृतातून लाल स्फटिकांच्या रूपात तो वेगळा केला. तेच बी-१२ जीवनसत्त्व. ते वनस्पतीही बनवत नाहीत आणि प्राणीही; बनवतात फक्त जिवाणू. उकिरडा उकरणारी आपली गावठी कोंबडी न शिकवता नेमक्या जागी चोच मारत होती, असं म्हणायला हरकत नाही.

बी-१२ बाटलीत आल्यावर मासळीची सक्ती संपली आणि निव्वळ वनस्पतींवर कोंबडी वाढवण्याचा मार्ग मोकळा झाला. पण त्याच वाटेवर एक दुसरं प्रकरण जन्माला आलं. अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स हे बी-१२चा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या उत्पादनात उरणारा चोथा त्यांनी पिल्लांना घातला, तर पिल्लं बी-१२च्या हिशेबापेक्षा जास्त वेगाने वाढली. १९५० साली उलगडा झाला की ही करामत चोथ्यात राहिलेल्या प्रतिजैविकाची आहे. तिथून निरोगी कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी प्रतिजैविक मिसळायची रीत जगभर पसरली. औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढण्याच्या भीतीने युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून ती पूर्ण बंद केली. भारताने जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधाचा पशुखाद्यातला वापर बंद केला. आता या औषधांची कुबडी काढून घ्यायची तर आतडं मुळात निरोगी राहायला हवं. त्यामुळे पेंडीचा दर्जा पूर्वी कधी नव्हता इतका महत्त्वाचा झाला आहे.

भारतात सोयाबीन पीक म्हणून रुजलं ते १९६०च्या दशकाच्या शेवटी, मध्य प्रदेशातून. मराठवाडा आणि विदर्भ त्यामागून आले आणि आज महाराष्ट्रात सुमारे ४५ ते ५० लाख हेक्टरांवर ते पेरलं जातं. पोल्ट्रीचा विस्तारही साधारण याच काळातला, डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली ती १९७१ मध्ये. एकीकडे तेलाच्या गिरण्यांतून पेंडीचे डोंगर निघत होते, दुसरीकडे त्या पेंडीला गिऱ्हाईक तयार होत होतं. शंभर किलो सोयाबीनमधून अठरा-एक किलो तेल निघतं आणि ऐंशीच्या आसपास पेंड उरते. हेक्झेनने तेल ओढून घेतलेल्या या पेंडीला व्यापारी ‘डीओसी’ म्हणतात आणि तिच्यात ४४ ते ४८ टक्के प्रथिन असतं. शाकाहारी खाद्यांत याच्या जवळपास जाणारं, इतकं स्वस्त आणि इतकं मुबलक दुसरं काही नाही.

पण कच्चं सोयाबीन कोंबडीला चालत नाही. त्यात ट्रिप्सिन रोधक असतो. ट्रिप्सिन हा प्रथिनं फोडणारा पाचकरस. रोधक त्याला धरून ठेवतो. मग स्वादुपिंड आणखी रस सोडतं, तोही अडकतो, पुन्हा आणखी रस. कच्चं सोया खाणाऱ्या पिल्लाचं स्वादुपिंड या वेठीने चक्क मोठं होतं आणि पिल्लू मात्र खुरटतं. शिवाय लेक्टिन नावाची प्रथिनं आतड्याच्या अस्तराला चिकटून त्याची झीज करतात. सोयाबीन शिजवलं की त्याची पौष्टिकता वाढते, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी १९१७ मध्येच दाखवलं होतं. रायगडकराला यात नवल वाटू नये. आपण कडवे वाल रात्रभर भिजत घालतो, मोड आणतो, सोलतो आणि मग त्यांचं बिरडं करतो. पोपटीतही वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात, मडक्यात, बाहेरच्या जाळावर चांगल्या शिजल्यावरच मडकं उघडतं. कडधान्याने स्वतःच्या रक्षणासाठी दाण्यात घातलेली अस्त्रं पाण्याने, मोडाने आणि आचेने काढून घ्यायची, ही रीत घराघरात आहे. पेंडीच्या कारखान्यात हेच काम वाफेने होतं.

आच किती द्यायची, यात सगळी मेख आहे. कमी पडली तर रोधक शिल्लक राहतो. जास्त झाली तर लायसीन साखरेशी जखडून बसतं. पेंड तपकिरी दिसते, प्रयोगशाळेत प्रथिनाचा आकडा तोच येतो, पण कोंबडीला त्यातलं लायसीन मिळत नाही. आच पुरेशी लागली का हे बघायला युरिएज तपासतात. सोयाबीनमधलं हे विकर साधारण रोधकाइतक्याच आचेला नष्ट होतं, म्हणून ते किती उरलं यावरून रोधकाचा अंदाज बांधता येतो. एक झटपट चाचणी तर टेबलावर होते. युरिया आणि फिनॉल रेडचं द्रावण पेंडीवर ओतायचं. कच्चे कण असतील तिथे लाल ठिपके उमटतात. अगदीच ठिपके नाहीत तर पेंड जास्त भाजली असल्याची शंका घ्यायची. खाद्य कारखान्यात हे रोज होत असावं अशी अपेक्षा. शेडवाल्याच्या हातात मात्र शिवलेलं पोतं येतं आणि त्याला कळतं ते विष्ठेवरून. ‘डॉक्टर, पिल्लू चिकट हगतंय’ किंवा ‘फीड पासिंग होतंय’, असा फोन पिल्लं आणि खाद्य पुरवणाऱ्या कंपनीच्या सुपरवायझरला जातो तेव्हा आतड्यात पेंड पचत नसल्याची दाट शक्यता असते. अर्थात कॉक्सीत, म्हणजे कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगातही, असंच दिसतं, म्हणून एक-दोन पक्षी फाडून बघितल्याशिवाय निदान करू नये. घाट चढून भोरमार्गे गेलं तर शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मर वाढली की पाच प्रकारची औषधं पाण्यातून देण्यापेक्षा ताजा मेलेला पक्षी तिथे पोचवणं शहाणपणाचं.

नीट शिजलेल्या, अमिनो आम्लं जुळवलेल्या सोयाखाद्यावर ब्रॉयलर मासळीवरच्या कोंबडीइतकीच वाढते. यात आता वाद उरलेला नाही. वाद उरतो तो पाण्याचा.

सोयापेंडीत पोटॅशियम दोन टक्क्यांच्या आसपास असतं, मक्याच्या सहापट. ते बाहेर टाकायला कोंबडी जास्त पाणी पिते. शिवाय सोयात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा असतात. त्या कोंबडीच्या पाचकरसांनी फुटत नाहीत; आतड्यात पाणी धरून ठेवतात आणि विष्ठा पातळ व चिकट करतात. माणसाच्या पोटात वालाने गुबारा धरतो त्यामागेही याच साखरा. वाढत्या वयाची ब्रॉयलर खाद्याच्या जवळपास दुप्पट वजनाचं पाणी पिते. पाच आठवड्यांच्या हजार कोंबड्या दिवसाला तीनशे लिटरच्या वर पाणी पितात. त्यातलं थोडं श्वासातून उडतं, थोडं अंगात राहतं आणि बाकीचं खाली भाताच्या तुसावर येतं. तूस म्हणजे शेडमधलं लिटर. आपल्याकडे भातगिरण्यांमुळे तेच सहज मिळतं. कोरडं, भुसभुशीत असेपर्यंत काम झकास करतं.

आता हे जुलैत कल्पून बघा. महाडचा पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पोलादपूर तर महाबळेश्वरच्या कड्याखालीच. हवा आधीच इतकी ओली की तुसातलं पाणी उडणार कुठे? त्यात झड आली की शेडवाला पडदे खाली सोडतो, कारण पाऊस आत आला तर लिटर भिजतं. पडदे सोडले की वारा थांबतो आणि आतली वाफ आत राहते. लातूरच्या कोरड्या हवेत जे खाद्य बिनबोभाट चालतं, तेच इथे जुलैत लिटरची चिखलवट करतं. पेंड तीच, कोंबडी तीच, पण निकाल निराळा. कंपनीचा खाद्याचा फॉर्म्युला साधारण सगळ्या भागांसाठी एकच धरलेला असतो आणि माझ्या मते इथेच चूक आहे. कोकणच्या पावसाळी लॉटसाठी, म्हणजे पक्ष्यांच्या तुकडीसाठी, पोटॅशियम-सोडियमचा हिशेब वेगळा करता येतो, सोयाचं प्रमाण थोडं उतरवून लायसीन, मेथिओनिन, थ्रिओनिन ही अमिनो आम्लं वरून देता येतात. प्रथिन एखाद-दोन टक्क्यांनी खाली आलं तरी वाढ कमी न होता विष्ठेतला नायट्रोजन लक्षणीय घटतो, हे अनेक प्रयोगांत दिसलं आहे.

ओल्या लिटरवर पहिली लागण होते ती तळपायाला. कोंबडीचं सगळं वजन त्या पिवळ्या गादीवर. ओल आणि अमोनिया यांनी तिथली कातडी मऊ पडते, काळी खपली धरते, खाली फोड होतो. परदेशात निव्वळ वनस्पतींच्या आणि प्राणिज भुकटी घातलेल्या खाद्यांची शेजारी शेजारी तुलना झाली तेव्हा वनस्पतींच्या गटात तळपायाच्या जखमा जास्त आढळल्या. कारण हेच: पातळ, चिकट विष्ठा आणि ओलं लिटर. पाय दुखणारी कोंबडी उठून पाण्या-खाद्यापर्यंत जायचा कंटाळा करते, बसून राहते, मग छातीलाही फोड येतो. जखमेतून जिवाणू आत शिरतात.

दुसरा त्रास श्वासाचा. विष्ठेतल्या युरिक आम्लाचं ओलीत जिवाणू अमोनिया करतात. हवेत दशलक्षात पंचवीस भागांच्या वर अमोनिया गेला की श्वासनलिकेच्या आतली, धूळ आणि जंतू बाहेर लोटणारी बारीक लव लुळी पडते. मग साधी सर्दी सीआरडीत, म्हणजे श्वसनमार्गाच्या जुनाट रोगात, जाते आणि ई. कोलाय आत उतरतात. डोळे चुरचुरून पक्षी डोळे मिटून बसतो. रोज आत जाणाऱ्या माणसाचं नाक या वासाला सरावतं, त्यामुळे बाहेरून आलेला पाहुणा तोंडाला रुमाल लावू लागला तर त्याच्यावर हसू नये. पडदा वर घ्यावा. तिसरा त्रास कॉक्सीचा. तिचे जंतू विष्ठेतून पडतात तेव्हा लगेच लागण करत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळून एक-दोन दिवसांत पिकतात आणि मग टिपले जातात. पावसाळी लिटरमध्ये तिन्ही गोष्टी आयत्या मिळतात. रक्ती हगवणीचे लॉट जुलै-ऑगस्टमध्ये जास्त दिसतात ते यामुळे.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग जुनी मासळीच बरी होती. तसंही नाही. आपल्याकडची सुक्या मासळीची भुकटी वाळू आणि मिठासाठी बदनाम. जास्त मीठ म्हणजे जास्त पाणी, म्हणजे लिटर ओलं ते ओलंच. उन्हात उघड्यावर वाळलेल्या मासळीतून साल्मोनेला येण्याचा धोका. मासळी जास्त तापवली तर तिच्यात गिझरोसीन नावाचा पदार्थ तयार होतो, तो कोंबडीच्या दाणा भरडणाऱ्या पोटाचं अस्तर खातो आणि चोचीतून काळं पाणी येतं. जपानी संशोधकांनी तो १९८३ मध्ये वेगळा काढला. आणि आतडं कुजवणारा नेक्रोटिक एन्टरायटिस प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणायचा असेल तर संशोधक पिल्लांना बऱ्याचदा भरपूर मासळीची भुकटी देतात, कारण तिच्यावर क्लॉस्ट्रिडियम फोफावतो. या एका बाबतीत चांगली शिजलेली सोयापेंड सरळ उजवी आहे. शिवाय मासळी जास्त झाली तर मांसाला वास येतो, आणि गिऱ्हाईकाला कोंबडीत बांगडा नको असतो.

वनस्पतिज खाद्याचा दुसरा मोठा शत्रू बुरशी. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये काही महिन्यांत लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीवरच्या बुरशीने तयार केलेलं विष त्याला कारण होतं. त्यालाच पुढे अफ्लाटॉक्सिन नाव मिळालं. शेंगदाणा पेंड पोल्ट्रीतून मागे पडली त्याला हेही एक कारण. सोयापेंडीवर ही बुरशी तितकी पोसत नाही, पण पोत्यातला अर्ध्याहून जास्त भाग मक्याचा असतो आणि मक्यावर ती आनंदाने वाढते. भारतीय मानकात कोंबडीखाद्यासाठी या विषाची मर्यादा अब्जात वीस भाग एवढी बारीक ठेवली आहे. त्याहून जास्त विष सतत पोटात गेलं की यकृत पिवळट, ठिसूळ होतं आणि लसीचा गुण येत नाही; लसोटा वेळेवर देऊनही मानमोडी येते आणि दोष लसीवर जातो.

इथे पुन्हा आपला भूगोल आडवा येतो. मका आणि सोया दोन्ही घाटावरचे. पावसाळ्यात वरंध आणि आंबेनळी घाट दरडींनी अधूनमधून बंद पडतात. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, आंबेनळीचा रस्ता खचला आणि खाली महाड पाण्यात गेलं. असे दिवस आठवून शेडवाला जूनमध्येच जास्तीची पोती भरून ठेवतो. ही काळजी समजण्यासारखी आहे, पण भिंतीला टेकवून, थेट जमिनीवर रचलेलं पोतं कोकणात तीन आठवड्यांत गाठी धरतं. खाली फळ्या हव्यात, भिंतीपासून हातभर अंतर हवं आणि आधी आलेलं पोतं आधी संपायला हवं. गाठ फोडून खाद्य मिसळून देणं म्हणजे विष सारखं वाटून देणं.

हाडांचंही थोडं सांगायला हवं. दाण्यांतला जवळपास दोन-तृतीयांश फॉस्फरस फायटेटच्या रूपात अडकलेला असतो आणि कोंबडीला तो फारसा सोडवता येत नाही. मासळीतल्या काट्यांतून तो आयता मिळायचा. सोयावर आलेल्या कोंबडीला वरून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) द्यावं लागलं, नाहीतर पिल्लं लंगडायची, हाडं रबरासारखी वाकायची. १९९०च्या दशकापासून बुरशीपासून मिळवलेलं फायटेज हे विकर खाद्यात येऊ लागलं आणि अडकलेला फॉस्फरस, त्याबरोबर थोडं कॅल्शियम आणि जस्तही मोकळं झालं. आता ‘शंभर टक्के शाकाहारी’ या छापाबद्दल: त्याच पोत्यातलं ड-३ जीवनसत्त्व बहुधा मेंढीच्या लोकरीच्या चरबीपासून बनलेलं असतं आणि बी-१२ जिवाणूंकडून आलेलं. कोंबडीला त्याचं काही नाही. गिऱ्हाईकाने मात्र त्या छापासाठी जास्तीचे पैसे मोजताना एवढं ठाऊक असू द्यावं.

सोयाला पर्याय शोधण्याची खटपट तब्येतीपेक्षा भावामुळे जास्त होते. २०२१च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं आणि त्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला बारा लाख टन जनुक-बदल सोयापेंड आयात करू द्यावी लागली. कोंबडी वाढवण्याच्या खर्चात दोन-तृतीयांशाहून अधिक वाटा खाद्याचा; त्यामुळे पेंड भडकली की शेडवाल्याच्या मनात सरकी पेंड, भाताचं पॉलिश, मोहरीची पेंड असे सगळे विचार येतात. सरकीत गॉसिपॉल असतं, मोहरीत थायरॉइडला त्रास देणारे घटक, आणि तांदळाचं पॉलिश आपल्या दमट हवेत पटकन खवट होतं. थोड्या प्रमाणात, तज्ज्ञाने हिशेब जुळवून दिला तर यातलं काही चालतं. घरी अंदाजाने मिसळलं तर लॉट बसतो. कुळीथ, वाल, चवळी इथे पिकतात, पण कोंबडीला कच्चे चालत नाहीत आणि माणूस त्यांना पेंडीपेक्षा कितीतरी जास्त भाव देतो. परसातल्या पाच-पंचवीस गिरिराज किंवा वनराज कोंबड्यांसाठी अझोला आणि उकिरड्यातल्या अळ्या हा चांगला पूरक आहार आहे. चार हजारांच्या ब्रॉयलर शेडला तो पुरत नाही, कुणी कितीही व्हिडिओ टाकोत.

मग शेडवाल्याच्या हातात उरतं काय? लिटर. मूठभर तूस उचलून दाबायचं. मूठ उघडल्यावर लगेच सुटं झालं तर ठीक. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. रोज सकाळी खालीवर करणं, गोळा झालेला भाग काढून कोरडं तूस घालणं, गरजेपुरता चुना मिसळणं, निपलची उंची पिल्लाच्या वयाप्रमाणे वाढवणं म्हणजे पाणी गळत नाही, आणि पावसाची झड थांबली की वाऱ्याच्या उलट बाजूचा पडदा वरून हातभर उघडणं. हे बिनखर्चाचं नाही. पावसाळ्यात कोरडं तूस महाग होतं आणि माणसाचे हात जातात.

हा खर्च शेडवाल्याच्या कंपनीबरोबरच्या करारात कुठे दिसत नाही. कराराच्या लॉटचा हिशेब होतो तो सरासरी वजन, एफसीआर (किलोभर वजनामागे लागलेलं खाद्य) आणि मर यांवर. तळपाय काळे पडले म्हणून शेडवाल्याचा दर कमी होत नाही, आणि ते स्वच्छ ठेवले म्हणून पैसाही जास्त मिळत नाही. त्यामुळे खाद्याचा फॉर्म्युला पावसाला धरून बदलायची कंपनीलाही घाई नसते. स्वीडनमध्ये १९९०च्या दशकापासून कत्तलखान्यात कोंबड्यांचे तळपाय तपासून गुण देतात. जखमा जास्त निघाल्या तर त्या शेडवाल्याला पुढच्या लॉटला कमी पक्षी ठेवावे लागतात. मग खाद्य, लिटर, हवा यांतलं काय बिघडलं ते शोधणं त्याच्या आणि खाद्यवाल्याच्या दोघांच्याही हिताचं ठरतं. आपल्याकडे कोंबडी जिवंत विकली जाते, दुकानात कापली जाते आणि पाय बहुतेक वेळा वेगळे काढून टोपलीत टाकले जातात. उचलीच्या दिवशी गाडी भरताना सुपरवायझरने शंभर पक्ष्यांचे तळपाय उलटून बघितले आणि आकडा लॉटच्या कागदावर लिहिला, तर अर्ध्या तासात होणारं काम आहे. महाडचा जूनचा लॉट आणि जानेवारीचा लॉट असे दोन आकडे शेजारी आले की पेंडीत काय बदलायचं, ते खाद्य कारखान्याला वेगळं सांगावं लागणार नाही.